एकाच हॉलमध्ये तीन तऱ्हांचा उजेड

नमस्कार. मुंबईतल्या वन बीएचके घराचा हॉल एका कामापुरता कधीच नसतो. तिथेच जेवणे होतात, मुलांचा अभ्यास चालतो आणि पाहुणे आले की रात्री गाद्याही तिथेच घातल्या जातात. या सगळ्यासाठी आपण भिंतीवर एक ट्यूब लावतो आणि उजेड कमी वाटला की जोडीला दुसरी लावतो. माझ्या मते अशा खोलीत दिव्यांची उंची आणि त्यांची बटणे वेगवेगळी असणे अधिक उपयोगाचे ठरते.

अमेरिकी प्रकाशयोजनाकार रिचर्ड केली यांनी १९५२ मध्ये प्रकाशाचे तीन प्रकार मांडले: सर्वत्र पसरणारा, एका जागी एकवटणारा आणि केवळ चमकून डोळ्यांना सुखावणारा. घराच्या सजावटीत आज साधारण याच धर्तीवर सर्वसाधारण, कामाचा आणि उठावाचा प्रकाश असे थर मानले जातात.

कामाच्या प्रकाशाचे महत्त्व स्वयंपाकघरात सर्वाधिक जाणवते. छताच्या मधोमध असलेला दिवा ओट्यापाशी उभे राहिल्यावर आपल्या पाठीमागे येतो आणि भाजी चिरताना आपलीच सावली हातावर पडते. दिव्याचे वॅट दुप्पट केले, तरी ती सावली हटत नाही. त्यासाठी ओट्यावरच्या कपाटांच्या तळाशी, पुढच्या कडेला, एलईडी पट्टी बसवावी. ती दुधी झाकणाच्या ॲल्युमिनियम प्रोफाइलमध्येच (पट्टी बसवायच्या लांब खाचेत) घ्यावी, कारण उघड्या पट्टीचे ठिपके चकचकीत काळ्या ग्रॅनाइटमध्ये एकेक करून दिसतात. इथे ४००० केल्विनचा प्रकाश योग्य ठरतो (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप; आकडा जितका कमी, तितका प्रकाश पिवळसर), आणि सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचे शंभरपैकी माप, ९०च्या वर असेल, तर पालेभाजी पिवळी पडली आहे की नाही, हेही नीट कळते.

हॉलमध्ये मात्र २७०० ते ३००० केल्विनचा उबदार प्रकाश घ्यावा. अभ्यासाच्या टेबलावर वेगळा दिवा हवाच. लहान दिव्याचे अंतर निम्मे केले की पृष्ठभागावर पडणारा प्रकाश जवळजवळ चौपट होतो, त्यामुळे थोड्या वॅटमध्ये काम भागते आणि शेजारी झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांवर उजेड येत नाही.

उठावाचा प्रकाश देवघर किंवा एखादे चित्र, एवढ्यापुरताच ठेवावा. जेमतेम नऊ फुटी छत फॉल्स सीलिंगने आणखी खाली आणून त्यात स्पॉटलाइटच्या रांगा लावणे मला पटत नाही. सोफ्यावर मान टेकताच ते डोळ्यांत घुसतात.

प्रत्येक थराला स्वतंत्र बटण हवे, म्हणून वायरमनला नकाशा प्लास्टरच्या आधी द्यावा. उजेड कमी-जास्त करणारा डिमर लावणार असाल, तर दिवा आणि त्याचा ड्रायव्हर (एलईडीला योग्य वीज पुरवणारा भाग) डिमरला चालणारा आहे का, हे खोक्यावर पाहून घ्यावे, अन्यथा दिवा लुकलुकतो. भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नाही. तिथे प्लगवर चालणारा एक उभा दिवा आणि एक टेबललॅम्प पुरेसा होतो.