चितार आळी: दुकान पुढे, लेथ कुठे?

(दृश्य: आळीतली दुकानं, दारात टांगलेली लाकडी फळं)

सावंतवाडीच्या बाजारातली ही चितार आळी. आंबा, फणस, अननस, केळ्यांचा घड, वांगी, मिरच्या, सगळं लाकडाचं. शेजारी भातुकलीची बोळकी, बैलगाडी, पाट, चौरंग, रुखवताचे संच. लाकडी वस्तू घडवणाऱ्या, रंगवणाऱ्या चितारी घराण्यांची ही जुनी वस्ती. पुढची पडवी म्हणजे दुकान, मागची पडवी म्हणजे कारखाना, मधे संसार. गिऱ्हाईक पुढे भाव करत असायचं तेव्हा मागे माल वाळत असायचा.

(दृश्य: शेडमधला लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं यंत्र, उडणारा भुसा)

फळांना पांगारा चालतो. हलका, मऊ, झटपट कातला जाणारा. पण त्याला कीड लवकर धरते. म्हणून झाड तोडलं की साल लगेच काढायची आणि ओंडके सावलीत, मधून वारा खेळेल असे रचायचे. उन्हात टाकले तर टोकांकडून तडकतात. सुकलेला तुकडा ठोकला की टणक वाजतो, ओला बद्द वाजतो. तो बद्द आवाज कानाआड केला, तर रंगवलेला आंबा दुकानात बसल्या बसल्या आतून आक्रसतो आणि देठापाशी भेग पडते. मग तिच्यात कितीही लांबी (भेगा बुजवायचा लगदा) भरा, भेग पुन्हा उघडते.

(दृश्य: कारागिराचे हात, अगदी जवळून)

लेथवर आकार आला की पॉलिशपेपर. आधी ८० नंबर, मग १२०, शेवटी २२०. अननसाचे डोळे मात्र लेथवर होत नाहीत, ते पटाशीने एकेक कोरायचे. त्यानंतर अस्तर. चिंचोके भाजून, टरफलं काढून भिजत घालायचे, वाटायचे, शिजवून खळ करायची आणि तिच्यात खडूची पूड कालवायची. पातळ दोन हात द्यायचे. घाईने एकच जाड हात दिला तर पापुद्रा सुटतो, आणि पावसाळ्यात तर हमखास.

आता रंग बघा. आंब्याला आधी सगळीकडे पिवळा. तो ओलसर असतानाच देठाकडे तांबडा टेकवायचा आणि कापडाच्या बोळ्याने खाली ओढत न्यायचा. पिवळा वाळून गेला की तांबड्याची कड उठून दिसते. मग तो आंबा पिकलेला वाटत नाही, रंगवलेला वाटतो.

बोळकी, लाटणी, भोवरे यांना लाख. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते. लगेच केवड्याचं पान दाबून ती सारखी करायची, चकाकी त्यानेच येते. कांडी फार दाबली तर लाख करपून काळी वर्तुळं पडतात. लाकडाला तेलकट हात लागला असेल तर तेवढ्या जागी ती धरतच नाही.

(दृश्य: राजवाडा, गंजिफाचे गोल पत्ते)

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा जुना खेळ. दशावतारी गंजिफात १२० पत्ते: दहा अवतार, प्रत्येकाचे बारा. ही कला विझत आली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी जुन्या चिताऱ्यांकडून ती समजून घेतली आणि राजवाड्यात पुन्हा उभी केली. ते काम आजही तिथे चालतं, आणि येणाऱ्याला ते डोळ्यांनी बघता येतं.

(दृश्य: शटरची दुकानं, पुन्हा आळी)

आळीत मात्र माल घडताना बघायला मिळणं अवघड झालं आहे. कौलारू घराच्या जागी इमारत आली की तळाला शटरचा गाळा मिळतो, मागची पडवी जाते. भुसा आणि आवाज वरच्या बिऱ्हाडांना नको असतो, म्हणून लेथ गावाबाहेरच्या शेडमध्ये. कोकण रेल्वे आली, पण तिचं स्टेशन मळगावात. झाराप–पत्रादेवी चौपदरी रस्त्याने गोव्याची गाडी शहराला वळसा घालून जाते. आणि फळीवर बाहेरचा माल आला. तो ओळखायला कड बघा: लेसरने कापलेल्या एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची) कड तपकिरी, करपलेली असते, आणि तिथे लाकडाची रेषा दिसत नाही. अस्सल पांगाऱ्याचा आंबा हातात भरीव लागतो, आणि दोन आंबे हुबेहूब सारखे नसतात. घडताना न पाहिलेल्या गिऱ्हाइकाला हा फरक फक्त किमतीत दिसतो.

१ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिराच्या मालाला त्यातून सूट आहे, म्हणून कारागीर ओळखपत्र काढलेलंच हवं.

(दृश्य: जुन्या घराची पडवी)

गिऱ्हाइकाला माल घडताना दिसावा म्हणून छोटा लेथ दर्शनी पडवीत बसवायचा तर सहा फूट लांब, चार फूट रुंद जागा लागते. अर्ध्या एचपीची मोटर पुरते. भुसा अडवायला मागे ताडपत्रीचा पडदा, आणि माणसं दोन हात लांब राहतील असा कठडा. आळीत उरलेल्या जुन्या पडव्यांत एवढी जागा आजही निघते.