तिथल्या समुद्राचा हिशोब वेगळा

नमस्कार मंडळी. आज मी तुम्हाला एका किनाऱ्यावर नेणार आहे जिथे एकही शॅक नाही, खुर्ची नाही, नारळपाणीवाला नाही आणि मी गेले तेव्हा तरी मोबाइलला रेंजही नव्हती. अंदमानात लाँग आयलंड म्हणून एक बेट आहे, मध्य अंदमानात, आणि त्या बेटाच्या पलीकडच्या अंगाला लालाजी बे. पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासून ज्याचं नाव श्री विजयपुरम झालंय, तिथून सरकारी बोटीने जाता येतं, नाहीतर रस्त्याने रंगतपर्यंत जायचं आणि तिथल्या येराट्टा जेटीवरून बोट पकडायची. लाँग आयलंडला उतरलात की पुढे दोनच मार्ग. एकतर डुंगी करायची, डुंगी म्हणजे तिथली छोटी लाकडी इंजिनाची होडी, नाहीतर जंगलातून तास-दीड तास चालायचं.

आम्ही चाललो. मी आणि माझा धाकटा भाऊ, फेब्रुवारीचा महिना होता. पावसात गेलात तर त्या वाटेवर जळवा लागतात, फेब्रुवारीत वाट कोरडी असते. पिशवीत काय घ्यायचं ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही, फक्त एक सांगते, पाणी जेवढं लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट घ्या. किनाऱ्यावर गोडं पाणी नाही. परत सांगते, गोडं पाणी नाही.

आणि घड्याळ. अंदमानात सूर्य आपल्या मुंबईपेक्षा सव्वा तासाहून जास्त आधी उगवतो आणि तसाच आधी मावळतो, पण घड्याळ आपलं एकच, त्यामुळे फेब्रुवारीत साडेपाचच्या सुमाराला सूर्य बुडतो आणि सहाला जंगलात हात दिसत नाही. माझं तर कितीतरी वर्षांचं ठाम मत आहे की या देशाला दोन प्रमाणवेळा पाहिजेत. आसामात चहाच्या मळ्यांनी स्वतःपुरतं घड्याळ एक तास पुढे ठेवलं, बागान टाइम म्हणतात त्याला, मजुरांना उजेडात काम संपवून घरी जाता यावं म्हणून. मळ्यांना जे जमलं ते शाळांना का जमू नये, पूर्वेकडची पोरं दुपारी चारला शाळेतून येतात तर खेळायला तासभर उजेड उरतो, मला हे मनापासून चुकीचं वाटतं. असो, आपण किनाऱ्याकडे जाऊया.

जंगल संपतं तिथे एकदम उजेड येतो, आणि मग ती वाळू. पांढरी, पिठासारखी. ही वाळू बऱ्याच प्रमाणात माशांनी केलेली असते हे माहितीय का तुम्हाला? पोपटमासा म्हणून मासा आहे, पोपटासारखी चोच असते त्याला, तो प्रवाळ कुरतडतो, त्यावरचं शेवाळ खातो आणि उरलेल्या चुनखडीचं पीठ करून मागून सोडतो. एक मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो. म्हणजे तुम्ही ज्या किनाऱ्यावर टॉवेल पसरून पडलेले असता तो किनारा कुणाच्यातरी पोटातून आलेला आहे, मला हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ ती वाळू नुसती हातात घेऊन बसले होते.

आता ती गोष्ट सांगते, खरं म्हणजे ती सांगायलाच मी आज आलेय.

माझी आत्या कोकणातली. तिने मला लहानपणी भरतीचा हिशोब शिकवला होता, तुमच्यातल्या किनाऱ्यावरच्या मंडळींना तो पाठ असेल. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनला पूर्ण भरती. अष्टमीला सहाला. पूर्ण भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. कॅलेंडर बघायचं, गुणाकार करायचा, झालं. आत्याचा हिशोब कधी चुकल्याचं मी पाहिलेलं नाही.

आम्ही लालाजी बेला गेलो त्या दिवशी शुद्ध द्वादशी होती. बारा पाऊण नऊ. नऊला भरती, म्हणजे तीनला ओहोटी. सकाळी जेटीजवळच्या टपरीवर चहा घेताना मी भावाला हे फार अभिमानाने समजावून सांगितलं. टपरीवरच्या दीदींनी वाट दाखवली आणि म्हणाल्या, "पानी देखके जाना." मी म्हटलं हो हो, बघून जाऊ.

साडेअकराच्या पुढे आम्ही किनाऱ्यावर पोचलो. वाळूच्या एका टोकाला जंगलातून येणारी एक खाडी होती, छोटीशी, दोन्ही बाजूंना खारफुटी, आणि पाणी उतरत असल्याने मुखाशी जेमतेम घोटाभर होतं. पलीकडे खडक दिसत होते आणि खडकांच्या पुढे अजून एक छोटा किनारा. म्हटलं चला. तीनपर्यंत पाणी उतरणारच आहे, मग चढायला लागेल, चारला परत ओलांडू, अंधाराआधी गावात. हिशोब चोख होता.

पलीकडे काय होतं ते मी कितीही सांगितलं तरी कमीच पडेल. खडकांच्या खळग्यांत पाणी साठलेलं, त्यात समुद्रकाकड्या पडलेल्या, निळ्या ओठांचे मोठे शिंपले सावली पडली की मिटणारे, आणि वाळूवर शंख पाठीवर घेऊन चालणारे खेकडे, एवढे खेकडे की थोडा वेळ हलायचं नाही असं ठरवलं की सगळी वाळूच सरकायला लागते. माझा भाऊ एक सुंदर शंख खिशात घालत होता, मी त्याला तो परत जागेवर ठेवायला लावला. एकतर तो शंख कुठल्यातरी खेकड्याचं पुढचं घर असतो, आणि दुसरं म्हणजे प्रवाळ आणि कितीतरी जातींचे शंख १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, मेलेला प्रवाळाचा तुकडासुद्धा, विमानतळावर बॅगेतून काढून घेतात. काही उचलू नका. हे मी दोनदा सांगते, काही उचलू नका.

चारला आम्ही खाडीपाशी परत आलो आणि मी तिथेच थांबले. घोटाभर पाणी कुठे होतं? भावाने काठी घालून बघितली, मध्ये कमरेला लागेल एवढं, आणि पाणी आत घुसत होतं, समुद्राकडून खारफुटीकडे, चांगलं जोरात. तीनला ओहोटी असेल तर चारला पाणी जवळजवळ तळाशीच असायला हवं होतं. मी बोटांवर परत हिशोब केला. तिथी बरोबर, गुणाकार बरोबर.

भाऊ म्हणाला, कमरेएवढंच आहे, दहा पावलांत पार होऊ. मी नाही म्हटलं. आमचं चांगलं भांडण झालं तिथे. पण मला आदल्या दिवशी बोटीत ऐकलेलं आठवत होतं, की खारफुटीच्या खाडीत मगरी असतात, खाऱ्या पाण्यातल्या. २०१० मध्ये हॅवलॉक बेटावर, त्याला आता स्वराज द्वीप म्हणतात, पोहणाऱ्या एका परदेशी बाईचा मगरीने जीव घेतला होता, तोही समुद्रकिनाऱ्यावर. आणि हे पाणी तर गढूळ, तळ दिसत नव्हता. तळ दिसत नसलेल्या खाडीत पाय घालायचा नाही. पोहायला येत असो नसो, घालायचा नाही.

मग आम्ही बसलो. मागे जंगल, वाट नाही, समोर पाणी चढतंय. साडेपाचला अंधार पडायला लागला. द्वादशीचा चंद्र आधीच वर आलेला होता तेवढा आधार. बाटलीत पाणी शिल्लक होतं अर्धं. भाऊ बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला, ताई, पाणी परत उतरायला किती वाजतील? आणि मला उत्तर देता येईना, कारण माझा हिशोबच चुकला होता तर पुढचं कशाच्या जोरावर सांगू. वाळूमाश्या चावत होत्या. आम्ही खडकावर वर वर सरकत होतो. मला त्या वेळी घरच्या दिव्याची आठवण आली, संध्याकाळी लावतो ना तो.

सातच्या सुमाराला इंजिनाचा आवाज आला. टक टक टक टक. एक डुंगी, पुढे टॉर्च. डुंगीवाले काका साठीच्या पुढचे असतील, त्यांनी होडी आमच्या खडकापर्यंत आणली, हात दिला, आणि पहिलं वाक्य बोलले ते, "पानी है?" आम्हाला प्यायला पाणी आहे का ते विचारत होते. त्यांनी कॅन पुढे केला, मी प्याले आणि मग मला रडू आलं.

झालं होतं असं, की टपरीवरच्या दीदींनी सकाळी दोन माणसं जाताना पाहिली होती, संध्याकाळी दोन माणसं परत आलेली पाहिली नव्हती. एवढ्यावरून त्यांनी काकांना निरोप दिला. मी विचारलं, तुम्ही लगेच निघालात का? ते म्हणाले नाही, लवकर येऊन उपयोग नव्हता, किनाऱ्यापुढे प्रवाळाची रांग आहे, पाणी कमी असेल तर डुंगी तळाला घासते. पाणी चढायची वाट बघत होतो. म्हणजे ज्या भरतीने आम्हाला तिकडे अडकवलं त्याच भरतीवर त्यांची होडी आत आली.

मी त्यांना आत्याचा हिशोब सांगितला, पाऊणपटीचा. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला, सुकाणू धरूनच, आणि म्हणाले, "हिसाब सही है दीदी. समंदर दूसरा है."

ते समुद्राचं वेगळेपण मी नंतर समजून घेतलं. भरती चंद्रामुळे येते हे खरं, रोज पाऊण तास-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते हेही सगळीकडे खरं, म्हणून तो पाऊणचा आकडा. पण पौर्णिमेला चंद्र डोक्यावर असताना पाणी कधी चढेल हे त्या त्या समुद्राच्या खोलीवर, किनाऱ्याच्या आकारावर ठरतं. मुंबई-कोकणात पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, अंदमानात ती दीड-दोन तास आधी. आत्याच्या हिशोबाने तीनला असलेली ओहोटी तिथे एकच्या सुमारालाच होऊन गेली होती. आम्ही शिंपले बघत होतो तेव्हा पाणी वळलेलं होतं. तर तिथी सगळीकडे चालते, वेळ चालत नाही. तिथे पोचल्यावर तिथल्या माणसाला विचारा, जेटीवर विचारा, आणि कुणालातरी सांगून जा की आम्ही कुठे चाललोय आणि किती वाजता येणार.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो. काकांनी निघताना एक गोष्ट शिकवली होती, की पोचल्या पोचल्या पाण्याच्या कडेला काठी खोचायची आणि गप बसायचं. बारा वाजले होते. भावाने काठी खोचली, आम्ही शेजारी बसून संत्रं सोललं. संत्रं संपेपर्यंत पाणी काठीपासून हातभर खाली गेलं होतं, ओली वाळू मध्ये चमकत होती. तेव्हा कुठे आम्ही चपला हातात घेतल्या.