चरकाचे दाते मोजताना

पहाटेचे चार वाजलेत. पंचगंगेच्या काठचं गुऱ्हाळ, चुलवाण पेटलंय, काहिलीत रस चढलाय आणि बाहेर चरक चालू आहे. आवाज ऐका त्याचा जरा. कसली घाई नाही, मिनिटाला जेमतेम नऊ फेरे, पण पाच-सहा ऊस एकदम सारले तरी हा अडत नाही, पलीकडनं चिपाड चपटं होऊन बाहेर पडतं. आणि त्याला फिरवणारी मोटार बघा, मिनिटाला 1440 फेरे, शाफ्ट मनगटापेक्षा बारीक. एवढ्या बारक्या शाफ्टातनं ऊस चिरडायची ताकद आली कुठनं, तेच आज बघायचंय.

आधी बैलांचं बघू. शाहू महाराजांनी 1895 साली कोल्हापुरात शाहूपुरीची गुळाची पेठ वसवली, त्या काळात गूळ व्हायचा तो बैलांच्याच जिवावर. बैल चरकाला चिकटून चालायचे नाहीत, लांब दांडीच्या टोकाला जुंपलेले असायचे. दांडी जेवढी लांब तेवढा पीळ जास्त, पण बैलांना फेरापण तेवढाच मोठा घालावा लागणार. हा पीळ म्हणजेच टॉर्क. गिअर तेच काम करतो, फक्त दांडीच्या जागी दाते आले.

आता ह्या चरकाचा हिशोब करू, वही-पेन घ्या. मोटार 15 एचपी, म्हणजे 11 किलोवॅट. सूत्र एकच लक्षात ठेवा, किलोवॅटला 9550 ने गुणायचं आणि आरपीएमनं, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्यांनी, भागायचं. आला मोटारीचा टॉर्क, 73 न्यूटन मीटर. मोटारीवर 6 इंची पुली, पलीकडं 48 इंची, म्हणजे आठ पट, 1440 चे झाले 180. मग 15 दात्यांचा पिनियन, म्हणजे छोटा गिअर, 75 च्या मोठ्या गिअरला, पाच पट, 36. परत 15 आणि 60, चार पट, आणि ऊस चिरडणाऱ्या रोलला आले 9 फेरे. इथं भले भले चुकतात, आठ अधिक पाच अधिक चार असं करतात, पण हे आकडे गुणायचे असतात, 8 × 5 × 4, म्हणजे 160.

मग टॉर्कपण 160 पट, 11,680. पट्ट्यात थोडं जातं, दात्यांच्या घासणीत थोडं जातं, प्रत्येक टप्प्याला पाच टक्के गेले असं धरलं तर हातात राहतात साधारण 10,000 न्यूटन मीटर. म्हणजे किती? तर एक मीटर लांब पान्याच्या टोकाला एक टन वजन टांगलं तर जेवढा पीळ बसेल तेवढा. स्पीड 160 पट सोडला तेव्हा हे मिळालंय, फुकट काही आलेलं नाही.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वसाहतीत, बरीच वर्षं गिअर कटिंगवर होतो, तिथं एकदा एक गुऱ्हाळवाले काका आले, म्हणाले मोटार सारखी ट्रिप होतीया, 20 एचपीची घ्यावी म्हणतोय. मी विचारलं, काका मधी काय बदललंसा का? तर म्हणाले, काय न्हाई रे, ऊस लवकर उरकावा म्हणून मोटारीवर 6 ची पुली काढून 8 ची बसवलीया. झालं, तिथंच गाठ होती! रोल 9 वरनं 12 फेऱ्यांवर गेला, पण त्याच मोटारीचा टॉर्क रोलपाशी 10,000 वरनं 7,500 वर आला. ऊस तर तेवढाच पीळ मागणार, मग मोटारीला 73 च्या जागी 97 द्यावे लागतात, करंट चढतो आणि जास्त करंटला मोटार बंद करणारा रिले पडतो, त्यात रिलेची काय चूक? त्या स्पीडला 20 एचपी खरंच लागली असती. पण त्यांनी जुनी पुली परत लावली, मोटार थंड चालली, आणि एवढ्या मोठ्या खर्चातनं माणूस वाचला ह्याचा मला आजपण आनंद आहे.

अजून एक गोष्ट दाखवायचीच आहे, कॅमेरा जवळ घ्या. मेन स्विच पाडलाय, गार्ड काढलाय. हा बिडाचा गिअर, 75 दाते, आणि बघा, दर पंधराव्या दात्याला खाच पडलीया. पिनियनचा एक दाता खराब आहे आणि 75 ला 15 नं पूर्ण भाग जातो, त्यामुळं तो दाता फिरून फिरून त्याच पाच दात्यांना भेटतो आणि त्यांनाच खातो. म्हणून नवीन गिअर कापून घेताना मी 76 दाते सांगतो. बेअरिंगचा ठोकळा किंचित सरकवावा लागतो, रेशोत फरक नावापुरता, पण मग प्रत्येक दाता सगळ्या 76 दात्यांना भेटतो आणि झीज वाटली जाते.

शेजारच्या चरकावर हाच 76 चा गिअर आहे. त्याच्या एका दात्यावर आणि समोरच्या पिनियनच्या दात्यावर खडूनं खूण केलीया, दोन्ही खुणा आत्ता समोरासमोर आहेत. गार्ड बसवला, स्विच टाकला, आता जाळीतनं बघत रहा. मोठ्या गिअरचे पंधरा फेरे, साधारण पंचवीस सेकंद... आणि ह्या भेटल्या परत.