पिल्लाच्या डोळ्याचं ऑपरेशन आणि टांगणीला लागलेला आपला जीव

नमस्कार मंडळी. आज घरातल्या चार पायांच्या धाकट्या मेंबरबद्दल बोलूया, आणि खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा जास्त आपल्याबद्दल, कारण पिल्लाच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं की पिल्लू आपलं बॉलमागे धावत असतं, झोप उडते ती आपली.

आमचा मोदक, बीगल जातीचा कुत्रा, अजून वर्षाचाही नाही. त्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला, डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल काहीतरी वर आलं. सासूबाई म्हणाल्या गुलाबपाणी घाल, खालच्या मजल्यावरच्या काकू तर स्वतःच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे उरलेले थेंबच घेऊन आल्या, म्हणे महागातले आहेत, वाया कशाला घालवायचे. तर मंडळी, हे अजिबात करायचं नाही हां. अशा थेंबांत बरेचदा स्टेरॉइड असतं, आणि डोळ्यावर आधीच ओरखडा असेल तर स्टेरॉइडने तो आणखी चिघळतो. म्हणून तर डॉक्टर आधी एक केशरी रंग डोळ्यात लावून बघतात, ओरखडा असला की तिथे हिरवं चमकतं. कागदाची बारीक पट्टी पापणीत अडकवून मिनिटभर अश्रूही मोजतात.

मोदकला निघालं ते चेरी आय. कुत्र्यांना तिसरी पापणी असते, तिच्याखाली अश्रू तयार करणारी ग्रंथी असते आणि तिला धरून ठेवणारा भाग कच्चा असला की ती बाहेर डोकावते. बीगल, बुलडॉग, कॉकर स्पॅनियल, यांच्यात लहान वयातच जास्त दिसतं. पूर्वी ती सरळ कापून टाकायचे. आता शक्यतो आत बसवून टाके घालतात, कारण डोळ्यातलं बरंचसं पाणी तिथूनच येतं, ती काढली तर पुढे डोळा कोरडा पडू शकतो आणि मग जन्मभर थेंब. त्यामुळे डॉक्टरांना सरळ विचारा, ग्रंथी ठेवणार की काढणार? विचारायला लाजू नका.

काही पिल्लांच्या पापण्याच आत वळतात आणि केस बुबुळावर घासत राहतात, शार पे, चाऊ चाऊ, बुलडॉग वगैरे जातींच्या कुत्र्यांत. तिथे डॉक्टर कधी कधी तात्पुरते टाके घालून थांबतात, कारण पिल्लाचा चेहरा अजून वाढतोय, पक्कं ऑपरेशन नंतर. आपल्याला वाटतं चालढकल करतायत, पण तसं नसतं.

आणि मांजरीचं पिल्लू असेल, इन्फेक्शनने डोळा पार गेलेला असेल आणि डॉक्टर म्हणाले की काढावाच लागेल, तर पायाखालची जमीन सरकते, हे मी समजू शकते. पण दुखणारा, काही न दिसणारा डोळा गेल्यावर पिल्लू उलट नीट खायला लागतं. नाक, कान, मिशा आहेत ना! एका डोळ्याची मांजर फ्रिजवर उडी मारते, थोडा अंदाज चुकतो सुरुवातीला, मग तेही बंद होतं.

बरं, चिंतेचं काय. माझं मत असं की निम्मी चिंता ही न विचारलेल्या प्रश्नांची असते. ते रात्री दोनला डोक्यात येतात, तेव्हाच मोबाईलमध्ये टाईप करून ठेवा. भूल कोण देणार, आधी रक्त तपासणार का, भूल असताना ऑक्सिजन आणि ठोक्यांवर लक्ष कोण ठेवणार, ग्रंथी परत बाहेर आली तर पुढे काय, आणि हो, टोटल खर्च किती, औषधं आणि पुन्हा दाखवणं धरून. भुलीत धोका शून्य नसतो, पण निरोगी पिल्लाला तो कमी असतो, आणि तुमच्या पिल्लाला किती ते डॉक्टरच सांगतील, नेट नाही. मुंबईत एकाच डॉक्टरवर अडून बसायची गरजही नाही, परळला पशुवैद्यकीय कॉलेज आहे, 1886 पासूनचं, तिथेच बाई साकरबाई हॉस्पिटल, महालक्ष्मीला टाटांचं नवं प्राण्यांचं हॉस्पिटल 2024 मध्ये सुरू झालंय. दुसरं मत घेतलं म्हणून कोणी रागवत नाही.

उपाशी किती वेळ ठेवायचं ते नीट विचारून घ्या, अगदी लहान पिल्लांची साखर पटकन उतरते म्हणून मोठ्या कुत्र्यांचा नियम त्यांना लागत नाही. आणि घरच्यांना बजावून ठेवा! आमच्याकडे सासूबाईंच्या हातात पारले-जी आणि मोदक समोर शेपूट हलवत, मी बिस्किटांचा डबाच कपाटात कुलपात ठेवला.

ऑपरेशन चालू असताना बाहेर बसणं सगळ्यात वाईट. फॅमिली ग्रुपवर दर दहा मिनिटांनी "झालं का?" येतं. एकालाच कळवा, तो बाकीच्यांना सांगेल. खाली जाऊन चहा घ्या, वडापाव खा, तुम्ही उपाशी राहून पिल्लाला काही फायदा नाही. शुद्धीवर येताना पिल्लू कण्हतं, झोकांड्या खातं, ते दुखण्यानेच असतं असं नाही.

खरं काम घरी आल्यावर. गळ्यात तो प्लास्टिकचा कोन, सोफ्याला धडक, लिफ्टच्या दाराला धडक, आणि केविलवाणं तोंड बघून कोणीतरी म्हणणारच, काढ गं थोडा वेळ. नाही काढायचा, पंजाने एकदा खाजवलं की टाके गेले. फिरवताना पट्टा गळ्याला नको, छातीचा हार्नेस लावा, गळा ओढला की डोळ्यावर ताण येतो. थेंब घालताना समोरून बाटली आणली तर ते पळणारच, मागे बसा, हनुवटी वर उचला, बाटली वरून आणा, टोक डोळ्याला लावू नका. दोन औषधांत पाच मिनिटं, मलम शेवटी, आणि लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. चौथ्या-पाचव्या वेळी मोदक स्वतःच येऊन बसायला लागला, चिकनसाठी अर्थात.

थोडी सूज, लाली चालते. पण डोळा घट्ट मिटून बसलाय, पिवळा-हिरवा चिकटा येतोय, बुबुळ निळसर धुरकट दिसतंय, तर उद्यावर टाकू नका, लगेच फोन. आणि दुखतंय म्हणून आपली क्रोसिन, ब्रुफेन अजिबात नाही, मांजरीला तर पॅरासिटामॉल जिवावर बेततं.

सगळे कागद एका फाइलीत ठेवा, भुलीचा कागदसुद्धा. चेरी आय एका डोळ्याला झालं की दुसऱ्यालाही होऊ शकतं, आमच्या मोदकच्या डाव्या डोळ्यावर लक्ष आहेच. चला, येते. नमस्कार.