नेट, गच्ची आणि पाण्याचा पंप

नमस्कार, श्रोतेहो.

‘बाबा, परत गेलं!’ गेल्या पावसाळ्यात आमच्या घरातला दिवस या आरोळीनं उजाडायचा. गेलं म्हणजे नेट. सूनबाईंची परदेशातल्या ऑफिसबरोबर सकाळी सहाला मीटिंग असते, आणि साडेसहाच्या सुमाराला राउटरचा दिवा लाल व्हायचा. केबलवाल्याला फोन केला की उत्तर ठरलेलं, ‘काका, राउटर बंद करून चालू करा.’ करायचो. पाच मिनिटांत नेट यायचंही. माझ्या बटण दाबण्यानं यायचं की आपलं आपणच, देव जाणे.

मी जन्मभर विजेच्या लायनीवर काम केलं. तिथला पहिला धडा म्हणजे फॉल्ट कुठल्या टप्प्यात आहे ते आधी ठरवायचं, मग खांबावर चढायचं. नेटचेही तीन टप्पे. मोबाइलपासून राउटरपर्यंत वायफाय, राउटरपासून गच्चीपर्यंत वायर, आणि गच्चीच्या पुढे केबलवाल्याचं राज्य.

वायफायची परीक्षा सोपी आहे. लॅपटॉप लॅनच्या वायरनं थेट राउटरला जोडा आणि स्पीड तपासा. वायरवर ठणठणीत आणि बेडरूममध्ये रडतंय, तर केबलवाल्याला शिव्या देऊन उपयोग नाही. राउटर टीव्हीच्या मागून काढून उघड्यावर, जरा उंचावर ठेवा. चाळीस बिऱ्हाडांच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांचे राउटर वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या एकाच पट्ट्यावर एकमेकांच्या अंगावर ओरडत असतात, त्यात मायक्रोवेव्हची भर. शक्य तिथे ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरा. भिंतीपलीकडे ते लवकर दमतं, पण गर्दी कमी. आणि एक, ‘शंभरचा प्लॅन’ म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे फाइल उतरताना साडेबाराच मेगाबाइट दिसणार. यावरून मी एकदा उगाच भांडलोय.

वायरचं दुखणं पावसात बाहेर येतं. काही ठिकाणी टीव्हीच्याच काळ्या जाड केबलमधून नेट येतं. तिथे टोकाच्या पितळी कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की आतली तार गंजते. मध्ये टीव्हीसाठी स्प्लिटर लावला असेल, तर दोन फाटे होताच प्रत्येकाला निम्म्याहून कमी सिग्नल मिळतो. न वापरलेला स्प्लिटर काढूनच टाका. आमच्याकडे गच्चीवरच्या पेटीतून लॅनची वायर खाली येते. ती उन्हापावसात तडकते, आणि आतल्या आठ तारांपैकी एक जरी तुटली, तरी हजारची लाइन शंभरवर घसरते किंवा बंदच पडते. शिवाय ही वायर शंभर मीटरच्या पुढे ओढायची नसते. दोन बिल्डिंगी ओलांडून आलेली वायर दिसली, तर केबलवाल्याला तेवढं विचाराच.

रात्री नऊला नेट मंदावतं ते वेगळं. एकाच लायनीवर सगळी गल्ली सिनेमे बघत असते. पहाटे पाचला वायरवर स्पीड तपासा आणि रात्री नऊला पुन्हा तपासा. पहाटे पूर्ण आणि रात्री पाव असेल, तर दोष तुमच्या घरात नाही.

एवढं सगळं तपासून माझा साडेसहाचा फॉल्ट काही सापडेना. म्हणून वही केली. तारीख, नेट गेल्याची वेळ, आल्याची वेळ. आठवडाभरात दोन वेळा ठळक दिसू लागल्या, सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी सहा. मी विचारात पडलो. तेवढ्यात आमची ही चहा ठेवत म्हणाली, ‘अहो, तेव्हा तर वॉचमन पंप लावतो.’

गच्चीवर गेलो. केबलवाल्याच्या पेटीतला स्विच, म्हणजे घराघरात नेट वाटून देणारा डबा, पाण्याच्या पंपाच्याच विजेच्या लायनीवर! पंप सुरू होताना व्होल्टेज खाली यायचं आणि स्विच रीस्टार्ट व्हायचा. विजेच्या कामात जन्म घालवलेल्या माणसाला हे बायकोनं सांगावं! असो.

वहीचा फोटो केबलवाल्याला पाठवला. या वेळी ‘बंद करून चालू करा’ नाही म्हणाला. तक्रारीचा नंबर मिळाला, दोन दिवसांनी पोरगा आला, पेटीची लाइन वेगळी केली आणि छोटा यूपीएस बसवला. आता पंप घरघरतो आणि सूनबाईंची मीटिंग चालू राहते. रात्री नऊचं रडगाणं अजून आहे. वहीचं पुढचं पान त्याच्या नावानं उघडलंय.

नमस्कार.