चढाला कळतं

पहाटेचा अजिंक्यतारा. खाली साताऱ्यातले दिवे अजून विझलेले नाहीत. पहिल्याच वळणावर एक मावशी कठड्याला टेकून उभ्या राहिल्यात. "तुम्ही व्हा गं पुढं, मी आलेच." पायाला सूज आहे, चपलेचा पट्टा रुतलाय.

घरात बसल्या जागी यांना काही होत नाही. भाकरी थापून होते, दळण आणून होतं. दम चढालाच लागतो. मग "वय झालं, वजन वाढलं" म्हणण्यात वर्षं जातात. असू शकतो तो पल्मनरी हायपरटेन्शन, म्हणजे फुफ्फुसातल्या धमन्यांत दाब वाढण्याचा आजार.

हृदयाचा डावा कप्पा अंगभर रक्त पोचवतो, 120 च्या दाबानं. उजव्याला जायचं असतं शेजारच्या फुफ्फुसापर्यंत. त्याचं 25 च्या आसपास भागतं. म्हणून भिंतही पातळ, जेमतेम 3 ते 5 मिलिमीटर. फुफ्फुसातल्या धमन्या जाड, अरुंद होत गेल्या, की तिथला दाब चढतो. आराम करतानाचा सरासरी दाब 20 च्या वर गेला, की हा आजार धरतात. उजवा कप्पा बिचारा भिंत जाड करतो आणि निभावून नेतो.

फक्त शिल्लक सगळी खर्चून बसतो.

धडधाकट माणूस चढाला लागला की या धमन्या सैलावतात, वाढलेलं रक्त सामावून घेतात. इथं त्या सैलावतच नाहीत. दाब उसळतो. उजवा कप्पा फुगून मधला पडदा डावीकडं रेटतो, आणि डाव्याला भरायलाच जागा उरत नाही. ठोके वाढतात, पण दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त काही वाढत नाही. डोळ्यापुढं अंधारी येते ती यामुळं.

पक्कं निदान होतं ते मानेतल्या नाहीतर जांघेतल्या शिरेतून हृदयात नळी घालून, दाब मोजूनच. पण पडल्या पडल्या काढलेल्या इकोपेक्षा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीपेक्षा, मला दवाखान्यातला व्हरांडा जास्त बोलका वाटतो. 30 मीटरवर दोन खुणा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, 6 मिनिटं चालायचं. सिस्टर सोबत चालत नाहीत. चालल्या, तर पेशंट त्यांच्या वेगानं चालेल. मध्ये थांबलं तरी चालतं. घड्याळ थांबवत नाहीत.

चौथ्या मिनिटाला मावशी भिंतीला टेकल्या.

"बसू का?"

"बसा की. बरं वाटलं की उठा."

काटा फिरतोय.