मागेल त्याला काम

हा पाझर तलाव बहात्तरच्या दुष्काळातला. बांधाच्या पोटाला बसवलेले दगड जवळून बघा, एकासारखा दुसरा नाही. यंत्र नव्हतं. पाटी, टिकाव, खोरं आणि माणसं.

बांधावर बसलेल्या आजी तेव्हा नुकत्याच लग्न होऊन गावात आल्या होत्या. हा हातोडा त्यांनी आज माळ्यावरून काढलाय. दांडा बदलला, लोखंड तेच. डाव्या हातानं दगड धरायचा, उजव्यानं घाव घालायचा आणि बोटं वाचवायची. दुपारी खायला सुकडी, रेशनला लाल मिलो ज्वारी. आजी बोलतायत, आपण ऐकू.

1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख मजूर होते. पण दुष्काळी काम म्हणजे सरकारची मर्जी. पाऊस पडला की मस्टर, म्हणजे मजुरांचं हजेरीपत्रक, बंद. ज्याला गुंठाभर जमीन नाही, त्याच्या घरी पावसानं काय पिकणार होतं?

या प्रश्नाचं उत्तर एका माणसानं आधीच शोधायला घेतलं होतं. वि. स. पागे. विधान परिषदेचे सभापती, वृत्तीनं गांधीवादी. साठच्या दशकात सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात त्यांच्या कल्पनेतून प्रयोग झाला. सूत्र साधं होतं. अंगमेहनतीला तयार असलेल्या माणसानं काम मागायचं, सरकारनं ते द्यायचं, आणि त्या कामातून बांध, विहीर, तलाव असं काहीतरी गावात उरायचं. वसंतराव नाईकांच्या सरकारनं 1972 साली ही रोजगार हमी योजना राज्यासाठी स्वीकारली. तोवर दुष्काळ येऊन ठेपला होता.

योजना म्हणजे सरकारचा कागद, तो सरकार मागेही घेऊ शकतं. मजुरांना कायदा हवा होता. लाल निशाण पक्षाचे दत्ता देशमुख आणि त्यांच्यासारखे अनेक कार्यकर्ते गावोगाव हेच मांडत होते. तहसील कचेऱ्यांवर मोर्चे निघत होते. या मोर्चांमधल्या बायकांची नावं कुठल्या कागदावर नाहीत, म्हणून हे चेहरे थोडे जास्त वेळ दाखवतोय.

आणि पैसा? तो शहरातून आला. ही एका नोकरदाराची पगाराची स्लिप. खालून तिसरी ओळ, व्यवसाय कर, 200 रुपये. 1975 साली हा कर बसला तो रोजगार हमीसाठी. जेवढा कर जमेल, तेवढीच भर सरकारनंही घालायची असं ठरलं. शहरातल्या माणसाच्या पगारातून गावातल्या मजुराची मजुरी निघते, ही गोष्ट महाराष्ट्रानं विरोधी बाकांसह मान्य केली. मला यात या राज्याचं मोठेपण दिसतं.

1977 मध्ये विधिमंडळानं कायदा केला. 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. काम मिळणं हा ग्रामीण महाराष्ट्रात हक्क झाला.

देशाला तिथं पोचायला 2005 उजाडलं, तेव्हा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा झाला. त्यामागे राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेच्या जनसुनावण्या होत्या. मस्टर गावासमोर मोठ्यानं वाचायचं, म्हणजे कामावर न आलेल्यांची आणि मेलेल्यांचीही नावं बाहेर पडायची. माहितीचा अधिकार त्या लढ्यातून आला आणि नव्या रोजगार कायद्यात सामाजिक अंकेक्षण, म्हणजे गावानंच कामांचा हिशेब तपासणं, तेही आलं. 2 फेब्रुवारी 2006 ला 200 जिल्ह्यांत सुरुवात झाली, दोन वर्षांत सगळा ग्रामीण भारत. कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांची हमी मिळाली. महाराष्ट्राच्या मूळ हमीत दिवसांची मर्यादा नव्हती, हेही सांगायला हवं.

कितीतरी घरांतली बाई यामुळे पहिल्यांदा स्वतःच्या नावानं मजुरी घेऊ लागली. कितीतरी घरांची मजुरी महिनोन् महिने अडकलीसुद्धा.

आता ग्रामपंचायतीत येऊ. खिडकीशी उभ्या आहेत त्या आजींच्या सूनबाई. हातात नमुना 4, काम मागणीचा अर्ज. अर्ज दिला की पोच मिळाली पाहिजे. 15 दिवसांत काम निघालं नाही तर बेरोजगार भत्ता द्यावा लागतो, आणि ते दिवस मोजायचे या पोचेवरूनच. रोजगार सेवक सही करून कागद पुढे सरकवतो. त्या तो उजेडात धरतात, वाचतात आणि परत खिडकीत ठेवतात.

"तारीख टाका, भाऊ."